हडळीचा अभिप्राय

"कालच सुरू झालाय गेम, पण तोड नाही!" प्रसन्न भाकरी मोडत म्हणाला. "हडळी कसल्या जिवंत वाटतात! आज एकीनं तर मला बघून चक्क हात जोडले."

हेमांगीने त्याच्या ताटात आमटी वाढली. काम काय करते हे नवऱ्यालाही सांगायचं नाही, असं कंपनीने तिच्याकडून लिहून घेतलं होतं. यंत्राने चालवलेल्या हडळी चाचणीत खेळाडूंना मिळमिळीत वाटल्या, म्हणून या गेममध्ये प्रत्येक हडळीच्या आत पगारी माणूस होतं. घाव बसला की अंगातल्या पोशाखातून खरी कळ उठायची.

"मग सोडलंस तिला?" तिने विचारलं.

"सोडतोय कशाला? मी तर आल्यापासून म्हणतच होतो, आटप, आटप, मला वेळ नाही. आणि घातला खांद्यावर घाव. बरं, भात आण. आटप, आटप."

या 'आटप, आटप'वरूनच तिने त्याला तिथे ओळखलं होतं. ओळखलं, म्हणून तर हात जोडले होते.

भात आणायला ती आत गेली, तेव्हा मोबाइलवर कंपनीचा रोजचा प्रश्न येऊन पडला होता : 'आज तुम्हाला मारणारा खेळाडू कसा वाटला?'

ठणकता खांदा सावरत तिने लिहिलं, 'अगदी घरच्यासारखा.'