बाराच्या आत

ब्रिटाने तपासणीच्या सायकलवर बसलेल्या हाल्वर टोफ्टेच्या नाकातोंडावर रबरी मुखवटा चढवला, मागचे पट्टे आवळले आणि कडेने हवा निसटत नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. आता तपासणी संपेपर्यंत त्याला बोलता येणार नव्हतं.

"अंगठा वर म्हणजे चालू ठेवायचं. हात आडवा म्हणजे थांबायचं. आणि कोच, शाळेत तुम्ही आमची नाटकं चालू दिली नाहीत, तशी तुमचीही इथे चालणार नाहीत."

डुलुथमध्ये अर्ध्या गावाला त्याने बर्फावर स्की करायला शिकवलं होतं. ब्रिटा त्यातलीच.

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची बायको अर्डिस अंगावरचा जाड कोट न काढताच बसली होती. "किती यायला हवेत, पुन्हा सांग."

"बाराच्या आत. अंगाच्या एका किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन ओढला जातो, तो आकडा. बाराच्या आत आला तर नव्या हृदयासाठी यादीत नाव. वर गेला तर डॉक्टर म्हणणार, जुन्यावर अजून भागेल."

"भागेल म्हणणाऱ्याला एक रात्र आमच्याकडे झोपायला पाठव. धाप लागते म्हणून हा खुर्चीत बसून झोपतो." अर्डिस नवऱ्याकडे वळली. "पेडल हळू मार रे. जन्मात एकदा तरी हळू मार."

"गेल्या वेळी तेच केलं यांनी," ब्रिटा म्हणाली. "सोडलेल्या श्वासावरून यंत्राला कळतं, माणूस जीव राखून करतोय. तो आकडा कुणी धरला नाही. तसं केलं तर आजचाही धरणार नाहीत."

हाल्वरने अंगठा वर केला. दोघींपैकी कुणासाठी, ते कळलं नाही.

सायकल सुरू झाली. दर मिनिटाला पेडल थोडं जड होत होतं. पडद्यावर निळी रेष चढू लागली. आठ. नऊ. हाल्वरचे गुडघे एका लयीत वरखाली होत होते. मुखवट्यातून श्वास करवतीसारखा येत-जात होता. अर्डिस पडद्याकडे पाहत होती, नवऱ्याकडे नाही.

दहा.

हाल्वरचा हात दांड्यावरून सुटला आणि आडवा होऊ लागला. ब्रिटाने पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातला, सोडलेल्या श्वासाचा आकडा पाहिला. इतका जोर पुरेसा नव्हता. आता थांबला तर हीही तपासणी फुकट. ती त्याच्या कानाशी वाकली आणि स्कीच्या चढावर तो शाळेतल्या पोरांवर जे ओरडायचा, तेच ओरडली. "श्वास घरी न्यायचाय का? कुणासाठी राखून ठेवलाय?"

"ब्रिटा, नको!" अर्डिस उठून उभी राहिली.

हात परत दांड्यावर गेला. हाल्वरची मान खाली झुकली, खांदे हलू लागले. अकरा. रेष वर सरकली, आणखी थोडी सरकली. अर्डिसने तोंडावर हात दाबून धरला.

पेडल पुन्हा जड झालं. पायांनी ते ढकललं. रेष मात्र वर गेली नाही. ती आडवी झाली आणि आडवीच पुढे निघाली. पाय मागत होते, हृदयाकडे द्यायला उरलं नव्हतं. हाल्वरने डोळे पडद्यावर रोवले आणि तो ढकलत राहिला. रेष हलली नाही. काचेपलीकडून पाहणाऱ्या डॉक्टरने थांबवायला हात वर केला.

"झालं, कोच." ब्रिटाने पेडल हलकं केलं. "सोडा आता. झालं."

"किती?" अर्डिसने विचारलं.

"साडेअकरा. आणि पूर्ण जोर लावून. हा आकडा धरतील."

अर्डिसने ब्रिटाला मिठी मारली. तिच्या केसांत तोंड खुपसून ती रडली, मग हसली आणि फोन काढत बाहेर पळाली. कॉरिडॉरमधून तिचा आवाज आत येत होता. "साडेअकरा, अगं! बाराच्या आत! आपलं काम झालं!"

ब्रिटाने मुखवटा काढला. हाल्वरच्या गालांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. तो धापा टाकत होता. पडद्यावरच्या त्या आडव्या रेषेवरून त्याची नजर हटत नव्हती.

"दार लाव," तो म्हणाला.

तिने लावलं.

"सीट एक खाच खाली होती, म्हणून रेष अडली. वर घे. पुन्हा करू."