चौघांचं जुळत नाही

"तुमच्या बायबलात एकाच सकाळची गोष्ट चौघांनी लिहिली, भाऊजी," किशोर म्हणाला, "अन् येशूच्या थडग्यापाशी कोण कोण गेलतं, हेच चौघांचं जुळत नाई. देवाचे शब्द असते तं येवढं तरी जुळलं असतं का नाई?"

कैलास मांडीवरच्या बायबलची पानं मागेपुढे करत राहिला. मेथीच्या जुड्या बांधता बांधता जयाचं सगळं लक्ष नवऱ्याच्या बोटांकडे होतं. दोन वर्षांपूर्वी जाम गावच्या चौकात एका ट्रक ड्रायव्हरने ते पुस्तक त्याला दिलं, तेव्हापासून तो दारूला शिवला नव्हता. जया स्वतः मारुतीला जाणारी. पुस्तक तिने कधी उघडलंही नव्हतं. पण झाडताना त्याला केरसुणी लागू देत नसे.

"राहू दे आता, किशोर," ती भावाला म्हणाली. "चहा घे."

"ताई, मी का खोटं बोलून राह्यलो का? माणसायनं लिहिलं, माणसं चुकतात. चांगलं असन ते घ्या. पण देवाचं काऊन म्हणता?"

कैलासला चारही जागा सापडल्या. ओठ हलवत त्याने त्या वाचल्या, परत वाचल्या. मग पुस्तक मिटलं.

"खरंच जुळत नाई," तो म्हणाला. "मंग बाकीचंबी माणसाचंच."

पायांत चपला सरकवून तो निघाला.

किशोर हसत होता. बहिणीचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. हातातली जुडी टाकून जया धावली. मळ्याच्या टोकाला दोन वाटा फुटत. एक विहिरीकडे, दुसरी नाल्यापलीकडच्या झोपडीकडे, जिथे चोरून दारू मिळे.

कैलास फाट्यावरच बसला होता. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "तू सांग. खरं हाय का ते?"

हो म्हणावं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. मारुतीची शपथही घेतली असती. तो प्यायचा तेव्हा ती रोज त्याच्याशी खोटं बोलायची. नंतर कधी बोलावं लागलं नव्हतं.

"मले नाई माहीत," ती म्हणाली. "सरका जरासे."

तो सरकला. ती शेजारी बसली.

वीज आली. विहिरीवरची मोटार आपोआप सुरू झाली. पाणी वांग्यांच्या सरीत शिरलं, सरी भरून वाटेवर आलं, दोघांच्या पायांपर्यंत आलं. कुणीच उठलं नाही.