पहिल्या माशाचा घास

शरदातल्या पहिल्या वॉलाय माशाच्या गालाचं मांस आमच्या आदिवासी वस्तीत घरातल्या सर्वांत धाकट्याला भरवतात. सासऱ्यांनी सकाळी नदीवर मासा धरला, तळला आणि चमचा माझ्या तीन वर्षांच्या मुलापुढे, वाबनपुढे केला. चमचा थरथरत होता. वरच्या अंगाच्या कारखान्यानं नदीत सोडलेला पारा माशांतून सासऱ्यांच्या हातात कधीच भिनलाय. “बाबा, त्याला नको.” “कॉलेजात माशांना भ्यायला शिकवतात वाटतं? तुझ्या नवऱ्यालाही मीच भरवलं होतं.” “म्हणून तर त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.” घास सासऱ्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. मी दुकानातल्या गोठवलेल्या माशाचे तुकडे तळून वाबनला वाढले. तो मिटक्या मारत खाऊ लागला. “आजोबा, हा तू पकडलास?” सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. “हो रे,” ते म्हणाले, “सकाळीच, त्या वळणावर. फार झुंजला लेकाचा.”