बसाप्पा कुणाच्या स्वप्नात येतो

"तुमचं मालक पहाटं सपनात आल्तं की," दुधाचं भांडं पुढं करत शेजारच्या चिमणाबाईनं सांगितलं. "पटका बांधलेला. हसत हुतं."

रत्नव्वानं तिच्या भांड्यात दुधाचं माप ओतलं. नवरा जाऊन चार महिने झाले होते. एवढ्यात बसाप्पा सगळी गवळी गल्ली फिरून आला होता. पोराच्या स्वप्नात, व्याह्याच्या स्वप्नात, आणि आता चिमणाबाईच्याही, जिच्याशी तो जन्मभर नळाच्या पाण्यावरून भांडला. बायकोकडं मात्र एकदाही फिरकला नव्हता. रत्नव्वाला कारण ठाऊक होतं. त्याचा जीव गेला तेव्हा ती गोठ्यात धारेला बसली होती. त्यानं हाक मारली असणार, तिला ऐकू गेली नाही. माणूस रागावणारच.

चिमणाबाई गेल्यावर तिनं हे सुनेला सांगून टाकलं. विद्याश्री कुरुंदवाडची. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, त्यामुळं सासूपुढं ती बेतानंच बोलायची. आज मात्र बोलली.

"मामंजी रागावलं न्हाईत, आत्ती. सपान तुमालाबी पडत असणार. पण म्हशीनं रेकलं की तुमी ताडकन उठताय, चरवी घिऊन पळताय. मग ते ध्यानात कसं ऱ्हाईल?"

"मग काय करू? धार सोडू?"

"उद्या नुसतं पडून ऱ्हावा. डोळं उघडू नका, कूस बदलू नका. धारंचं मी बघतो."

"ती म्हैस तुला हात लावू देती व्हय?"

प्रश्न रास्त होता. थोरल्या म्हशीनं रत्नव्वाशिवाय कुणालाच कधी पान्हा सोडला नव्हता. लुनावरून रतीब घालणाऱ्या वीरेशला, म्हणजे घरच्या पोराला, तिनं गेल्याच महिन्यात शेणात लोळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं, म्हैस रेकली, आणि रत्नव्वाचा पाय सवयीनं अंथरुणाबाहेर निघालाच. तिनं तो आवरला. डोळे गच्च मिटून घेतले. जनावर बोलावतंय आणि आपण लोळत पडलोय, याची तिला भारी लाज वाटली. गोठ्यात बादली आपटली. म्हैस पुन्हा रेकली. मग थांबली, आणि थोड्या वेळानं चरवीत धार वाजायला लागली. बारीक, चुकतमाकत, पण वाजायला लागली.

रत्नव्वा हलली नाही.

विद्याश्री आत आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत शेण होतं आणि चरवी अर्धीच भरली होती. अंगावर सासूचं कालचं न धुतलेलं लुगडं होतं. त्याच्याच वासावर तिनं म्हशीला फसवलं होतं. रत्नव्वा अंथरुणात उठून बसली होती. गाल ओले होते.

विद्याश्रीनं चरवी खाली ठेवली. "आलं न्हाईत?"

"आल्तं. गव्हाणीपाशी बसून चहा पीत हुतं."

"रागात हुतं?"

"न्हाय की." रत्नव्वानं पदरानं तोंड पुसलं. ती हसत होती. "कालच्यापरास आज चहा बरा झालाय, म्हणालं."