ऑल्डरकोमचं फाटक

“फाटक उघडं राहिलं, माझ्या चुकीनं. तसंच लिही,” म्हातारा एमॉस ट्रेडगोल्ड म्हणाला आणि त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

हेस्टरनं वही उघडली नाही. ऑल्डरकोमचं स्टेशन बंद पडून तीस वर्षं झाली होती. रूळ उखडून नेले, फलाटावर कुणाचीशी कोंबड्यांची खुराडी आली. त्या स्टेशनचा इतिहास लिहायचं काम गावानं शाळेतली बाई म्हणून हेस्टरच्या गळ्यात घातलं होतं. सगळं लिहून झालं. एक पान तेवढं राहिलं.

त्या पानावर तिची आई होती. हेस्टर तीन वर्षांची असताना आई स्टेशनाजवळच्या रेल्वे फाटकात सकाळच्या गाडीखाली सापडली. फाटकवाला एमॉस गाफील राहिला, असा निकाल लागला. त्याची नोकरी गेली, रेल्वेचं घर गेलं. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या शेतात बीट उपटलं. तो समोरून दिसला की हेस्टर रस्ता ओलांडून जायची. त्याची बायको वारली तेव्हाही ती फिरकली नव्हती. आज पहिल्यांदा ती त्याच्या घरात बसली होती.

तिनं पर्समधून एक पत्र काढलं. त्या गाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या बर्टनं, वर्तमानपत्रातलं तिचं आवाहन वाचून, ते धाडलं होतं.

“‘फाटक बंद होतं,’” तिनं वाचलं. “‘बाईनं स्वतः कडी काढली. एमॉसनं हातापाया पडून आम्हाला गप्प केलं. बाकीचं त्यालाच विचारा.’”

“चव्वेचाळीस वर्षं गप्प राहवलं त्याला,” एमॉस पुटपुटला, “आणि आता मेल्याच्या तोंडात तीळ भिजेना!”

“का खोटं बोललात तुम्ही?” तिचा आवाज चिरकला. “आईनं जीव दिला हे मला कळू नये म्हणून? गाव चार दिवस कुजबुजलं असतं. तेवढ्यासाठी स्वतःच्या संसाराची माती केलीत?”

“तेवढंच असतं तर सांगितलं असतं, पोरी.”

“मग?”

एमॉसनं खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

“ती एकटी नव्हती आली,” तो म्हणाला. “तू तिच्या कडेवर होतीस. सोड, सोड म्हणून मी ओरडलो. तिनं सोडलं नाही. हिसकावून घ्यावं लागलं तुला.”