जुनं माणूस

डोंगरावरचा कॉफीचा मळा ताब्यात आला आणि पुतण्याने जुन्याचं सोनं करायचं मनावर घेतलं. आजोबांची आरामखुर्ची, कॉफी दळायचं गंजकं यंत्र, तडे गेलेले कप, सगळं घासूनपुसून व्हरांड्यात मांडलं. अडगळ उरली ती फक्त काकूची. तिच्या खोकल्याने पाहुण्यांच्या मजेवर विरजण पडतं म्हणून तिला पायथ्याच्या वृद्धाश्रमात ठेवलं.

आज तोच धापा टाकत आला. "काकू, परदेशी व्यापारी आलेत. कॉफी पसंत पडली, पण म्हणतात, ज्या घराण्याने ही झाडं लावली त्यातलं जुनं माणूस दाखवा. घरी चल!"

काकूचे डोळे भरून आले. तिने भराभर कपाट रिकामं करून बॅग भरली, खोलीतल्या मैत्रिणीला मिठी मारली.

"माझी खोली आहे ना रे तशीच?"

"तिथं आता पाहुणे कॉफी चाखतात. पण हे व्यापारी परवा जातीलच. दोन रात्रींचं काय, कुठंही पडशील."

काकूने एक ठेवणीतली साडी तेवढी बॅगेत ठेवली, बाकीचे कपडे पुन्हा कपाटात लावले आणि मैत्रिणीला म्हणाली, "पत्त्यांचा डाव मोडू नका गं. परवा आलेच."