मागली शीट

१९७४ साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, लालासाहेब रजेवर आला तो बुलेट घेऊनच. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी, पण आवाज असा की भुईंजच्या फाट्यावर वळली आणि मळ्यातल्या म्हशींनी कान टवकारले. मनूबाई भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

लग्नाला वर्ष झालं होतं आणि त्यातला नवऱ्याचा सहवास जेमतेम महिनाभराचा. तिला एकच हवं होतं. रजा संपायच्या आत एकदा त्याच्या मागं बसून वाईला, कृष्णेच्या घाटावर जायचं.

लालासाहेब पलटणीत मोटारसायकलवरून निरोप पोचवायचा. त्याचे नियम कडक होते. डोक्याला हेल्मेट, वळणाआधी वेग कमी. आणि गाडीला रोज थोडा तरी वेळ द्यायचा, नाहीतर हात विसरतो, असं तो म्हणे.

पण त्याची आई बनूबाई आडवी आली. ऐन तारुण्यात विधवा झालेली, आता चाळिशी ओलांडलेली, सगळा मळा एकटीनं सांभाळणारी बाई. सुनेनं गाडीवर बसायचं नाही, असं तिनं पहिल्याच जेवणाला सांगून टाकलं.

"आवं आत्याबाई, एकडाव," मनूबाई म्हणाली.

"येळ हाय का तुला? म्हशीची धार कोण काढंल, तुजा बा? आन् पदर चाकात गेला म्हंजी?"

लालासाहेब ताटात बघून हसला. मनूबाईला त्याचा राग आला.

रोज दिवस उगवायला बनूबाई उसाला पाणी द्यायला मळ्यात जाई. जाताना सुनेला कामं नेमून देई. मागोमाग लालासाहेब गाडी काढे. मनूबाई चुलीपुढून आवाज ऐके. सुरुवातीला नदीकडच्या रस्त्यावर गाडी आचके देऊन बंद पडायची. जुनीच ती, असं तिला वाटे. मग आवाज एकसारखा झाला. लांब जायचा, वळायचा, सुसाट परत यायचा.

एकदा तिनं धार, शेण, दळण सगळं लवकर उरकलं आणि नटून दारात उभी राहिली. बनूबाईनं तिला मिरच्या कांडायला बसवलं.

त्याच आठवड्यात बनूबाई पोटरी भाजून घेऊन आली. मळ्यातल्या इंजिनाला पाय लागला, म्हणाली. मनूबाईनं तूप लावलं आणि लावता लावता पुन्हा विषय काढला.

"वळणावर बिरेक दाबला की गाडी घसरती," बनूबाई म्हणाली. "पडलीस तर मलाच उचलावी लागंल." मग सुनेच्या तोंडाकडं बघून विरघळली. "जावा ह्या रविवारी."

मनूबाईनं हिरवं लुगडं काढून उशाशी ठेवलं. तिला झोपही लागेना.

शनिवारी तार आली. रजा रद्द. लालासाहेब दुपारच्याच एस.टी.नं निघाला. फाट्यावर मनूबाई त्याच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"गाडी हाय की हितंच," तो म्हणाला.

"मला काय करायची?"

तो आईकडं बघून एस.टी.त चढला.

रविवारी उजाडता बनूबाईनं हाक मारली. "मने, ऊठ. कासोटा घट्ट मार, पदर खोच. धारंला शेजारचा आकाराम येतोय."

लालासाहेब पुढं सुभेदार होऊन पेन्शनीत आला आणि साताऱ्यात त्यानं गॅरेज काढलं. मनूबाईला दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं सांगलीकडं झाली. आकाराम मुंबईला गेला, तो तिकडचाच झाला. बनूबाई नव्वदीला टेकली आणि शेवटपर्यंत मळ्यावर हुकूम चालवत राहिली. त्या रविवारी वाईच्या घाटावर मात्र धुणं धुणाऱ्या बायका हातातली लुगडी तशीच धरून बघत राहिल्या होत्या: हेल्मेट घातलेल्या सासूनं बुलेट उभी केली, आणि मागल्या शीटवरून सून उतरली.